रजोनिवृत्तीनंतरचे वजन आणि खाण्याचे तास : सहा महिन्यांच्या प्रकल्पाच्या नोंदी

४ जानेवारी

पाळी कायमची थांबून तीन वर्षे झाली आहेत आणि या काळात पोटाभोवती चरबी साठत गेली आहे. ती सहा महिन्यांत कमी करायची आणि ते करताना स्नायू व हाडे यांचे नुकसान होऊ द्यायचे नाही, एवढाच या प्रकल्पाचा हेतू आहे. पद्धत म्हणून दिवसातील ठरावीक तासांतच खाण्याची निवड केली आहे. तिला हल्ली सर्वत्र इंटरमिटंट फास्टिंग म्हणतात. वजन पाच टक्क्यांनी कमी झाले तर प्रकल्प यशस्वी मानायचा. त्याहून मोठे उद्दिष्ट ठेवण्याचे कारण दिसत नाही, कारण एवढ्या घटीनेही रक्तदाब आणि रक्तातील साखर यांत फरक पडू लागतो.

सुरुवातीची मोजमापे : वय ५५, उंची १५८ सेंमी, आठवड्याभराच्या सकाळच्या वजनांची सरासरी ७२.६ किलो, कंबरेचा घेर ९६ सेंमी, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील रक्तातल्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) ५.९ टक्के. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा या क्ष-किरण तपासणीत खुब्याच्या हाडाचा टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण व्यक्तीच्या तुलनेतील गुणांक, उणे १.४ आला आहे. म्हणजे घनता कमी आहे, पण हाडे ठिसूळ झाली असे म्हणण्याची उणे २.५ ही मर्यादा अजून दूर आहे.

कंबर मोजण्याची रीत आताच लिहून ठेवते, म्हणजे सहा महिने ती एकसारखी राहील. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ बोटांनी चाचपून दोन्ही ठिकाणी पेनने खूण करायची, त्या दोन खुणांच्या मधोमध टेप धरायची, ती पाठीमागे खाली घसरलेली नाही ना हे आरशात पाहायचे आणि सहज श्वास सोडल्यानंतर आकडा वाचायचा. पोट आत ओढून घेतले तर आकडा चांगला येतो, पण मग मोजण्यात काही अर्थ उरत नाही. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा असा साधा निकष आहे. माझ्या बाबतीत तो ७९ सेंमी होतो. सहा महिन्यांत तिथवर पोहोचता येणार नाही हे मान्य करूनच सुरुवात करते आहे.

११ जानेवारी

सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेतला. त्यांनी प्रथम औषधांची यादी मागितली, आणि ते योग्यच होते. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या चालू असतील, तर उपाशी तासांत साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मधुमेहाच्याच एसजीएलटी-२ गटातील गोळ्यांमुळे मोठ्या उपवासात रक्तातील कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) वाढण्याचा धोका असतो. रक्तदाबाची औषधे घेणाऱ्यांना उठून उभे राहताना चक्कर येऊ शकते. पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी, आणि आयुष्यात कधी खाण्यासंबंधीचा मानसिक आजार होऊन गेला असेल त्यांनी, ही पद्धत आपल्या मनाने सुरू करू नये.

माझ्याकडे यांपैकी काही नाही. फक्त थायरॉईडची गोळी आहे. ती पहाटे रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर निदान चार तासांनी घ्यायची, कारण कॅल्शियममुळे ती नीट शोषली जात नाही. शिवाय माझी कॅल्शियम कार्बोनेटची गोळी अन्नाबरोबर घेतली तरच चांगली लागू पडते. त्यामुळे तिची जागा दुपारच्या जेवणाबरोबर पक्की झाली. खाण्याचे तास ठरवताना सर्वात आधी या दोन गोळ्यांची वेळ कागदावर मांडावी लागली, ही गोष्ट उपवासाच्या लोकप्रिय तक्त्यांत कुठेच आढळत नाही. ते तक्ते बहुधा गोळ्या न घेणाऱ्या माणसांनी केलेले असावेत.

१८ जानेवारी

या वयात वजन का वाढते, याविषयी आठवडाभर वाचन केले. ‘पाळी गेली की चयापचय मंदावतो’ हे वाक्य इतक्यांदा ऐकले आहे की ते तपासून पाहणे गरजेचे होते. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सहा हजारांहून अधिक लोकांच्या मोजमापांवर आधारलेल्या अभ्यासात असे दिसले की शरीराचे आकारमान आणि स्नायूंचे प्रमाण जमेस धरले, तर २० ते ६० या वयात ऊर्जेचा खर्च जवळजवळ स्थिर राहतो आणि त्यानंतर तो हळूहळू उतरू लागतो. पन्नाशीत चयापचय एकाएकी बसतो या समजुतीला या आकड्यांतून आधार मिळत नाही.

पण बदल होतो हेही खरेच आहे. अमेरिकेत अनेक वर्षे चाललेल्या ‘स्वॅन’ या अभ्यासात मध्यमवयीन स्त्रियांच्या शरीराची रचना वारंवार मोजली गेली. त्यावरील २०१९ च्या शोधनिबंधानुसार रजोनिवृत्तीकडे जाणारा काळ सुरू होताच चरबी वाढण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो, त्याच वेळी स्नायूंचे वस्तुमान घटू लागते, आणि शेवटच्या पाळीनंतर साधारण दोन वर्षांनी हे दोन्ही बदल थांबतात. गंमत अशी की वजनाच्या काट्यावर याचा वेगळा पत्ता लागत नाही. वजन पूर्वीच्याच संथ गतीने वाढत राहते, कारण एका बाजूला चरबी चढते आणि दुसऱ्या बाजूला स्नायू उतरतात. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी झाल्यामुळे मांड्या आणि नितंब यांच्याऐवजी पोटाच्या आत, अवयवांभोवती चरबी साठण्याचा कल वाढतो.

या वाचनानंतर प्रकल्पाची मांडणी बदलली. वजन हे एकमेव माप ठेवले, तर स्नायू गमावूनही यश मिळाल्यासारखे दिसेल. म्हणून कंबरेचा घेर आणि ताकद ही दोन मापे वजनाच्या बरोबरीने ठेवायची.

२५ जानेवारी

खाण्यात काहीही बदल न करता, जे खाल्ले ते घड्याळातील वेळेसह लिहीत गेले. पहिला घास सकाळी साडेसातला आणि शेवटचा रात्री अकराच्या सुमारास, असे चित्र निघाले. जेवणे बऱ्यापैकी बेताची आहेत. जास्तीचे खाणे साडेनऊ ते अकरा या वेळात, दूरदर्शनसमोर होते. एका रात्री मूठभर शेंगदाणे स्वयंपाकघरातील काट्यावर ठेवून पाहिले : ३० ग्रॅम, म्हणजे सुमारे १७० किलोकॅलरी. त्यानंतर दोन बिस्किटे आणि दूध. या दीड तासाची बेरीज बहुतेक दिवशी तीनशेच्या वर जाते आणि त्या वेळी भूक अशी नसतेच.

उपवासाच्या पद्धतीचा उपयोग झालाच तर तो इथे होईल, असा अंदाज आहे.

१ फेब्रुवारी

बारा तासांपासून सुरुवात केली : सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसात. बाकी काही बदललेले नाही. विशेष त्रास नाही.

१५ फेब्रुवारी

गेल्या आठवड्यापासून खाण्याचे तास दहा केले आहेत, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. उरलेल्या वेळात पाणी आणि बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा. वजन पहिल्या काही दिवसांतच एका किलोहून अधिक उतरले. शेजारच्या वहिनींनी हे ऐकून दुसऱ्याच दिवशी स्वतः सुरू करण्याची तयारी दाखवली. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा असे सांगितले.

या पहिल्या घटीवर भाळू नये. यकृत आणि स्नायू यांमध्ये साठवलेल्या ग्लायकोजेनच्या, म्हणजे साखरेच्या राखीव साठ्याच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे कमी झाले की हा साठा काहीसा रिकामा होतो आणि त्याचे पाणीही निघून जाते. काट्यावरचा पहिला किलो हा मुख्यतः त्याचा हिशेब असतो. पोटभर जेवण असलेल्या दोन दिवसांत तो परतही येतो.

१ मार्च

महिन्याची सरासरी ७१.३ किलो. कंबर ९४.५ सेंमी.

उपाशी राहण्यात स्वतःचे असे काही सामर्थ्य आहे की ते केवळ कमी खाण्याचे दुसरे रूप आहे, या प्रश्नावर उपलब्ध चाचण्या बऱ्यापैकी एका दिशेने बोलतात. २०२२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये चीनमधील १३९ जणांची वर्षभराची चाचणी प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांना सारख्याच कॅलरी मोजून दिल्या होत्या. एका गटाने त्या फक्त सकाळी आठ ते दुपारी चार या वेळात घ्यायच्या होत्या. वर्षअखेर त्या गटाचे वजन सरासरी ८.० किलोने आणि दुसऱ्याचे ६.३ किलोने घटले, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. एक दिवसाआड उपवासाची १०० जणांवरील वर्षभराची चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथेही रोज थोडे कमी खाणाऱ्यांपेक्षा अधिक घट दिसली नाही. उलट उपवासाच्या गटातून अधिक लोक मध्येच बाहेर पडले.

तेव्हा घड्याळ चरबी जाळत नाही. ते रात्रीच्या त्या दीड तासाभोवती कुंपण घालते आणि माझ्यासारखीला, जिला प्रत्येक घासाच्या कॅलरी मोजण्याचा कंटाळा आहे, एवढेही पुष्कळ आहे.

हार्मोन्सवर परिणाम होतो का, याचीही भीती अनेक जणी व्यक्त करतात. शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठाच्या २०२२ च्या एका अभ्यासात लठ्ठपणा असलेल्या स्त्रियांनी आठ आठवडे रोज फक्त चार किंवा सहा तासांत खाल्ले. त्यांपैकी पाळी थांबलेल्या स्त्रियांत टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडायोल, प्रोजेस्टेरॉन बदलले नाहीत. डीएचईए हे हार्मोन सुमारे १४ टक्क्यांनी उतरले, तरी सामान्य मर्यादेतच राहिले. अभ्यास लहान आणि अल्पकाळाचा आहे, पण घाबरून जावे असे त्यात काही नाही.

८ मार्च

आता सर्वांच्या तोंडी असलेल्या १६:८ (सोळा तास उपाशी, आठ तासांत खाणे) या रीतीचा विचार करायचा होता. सुरू करण्यापूर्वी गणित मांडले. वजन घटवत असताना स्नायू टिकवायचे तर या वयात प्रत्येक किलोमागे रोज १.० ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे मला सुमारे ७१ ते ८६ ग्रॅम लागतात, साधारण मधला आकडा ८० धरला. वय वाढते तसे स्नायू प्रथिनांना कमी प्रतिसाद देतात, म्हणून एका वेळच्या जेवणात २५ ते ३० ग्रॅम असणे बरे. दोन अंड्यांत साधारण १२ ग्रॅम, २५० मिलिलिटर दुधात ८ ग्रॅम, १०० ग्रॅम कोरड्या डाळीत २० ते २४ ग्रॅम, हे आकडे समोर ठेवले की ८० ग्रॅम गाठायला तीन जेवणे लागतात हे स्पष्ट होते. ज्यात दोनच जेवणे होतील अशा तासांत प्रत्येक वेळी ४० ग्रॅम बसवावे लागतील. तेवढे माझ्याच्याने खाल्ले जाणार नाही.

त्यातच २०२० मध्ये ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये आलेल्या चाचणीची आठवण ठेवावी लागते. ११६ जणांनी बारा आठवडे भाग घेतला. एका गटाने दुपारी बारा ते रात्री आठ या वेळात मनाला येईल ते खाल्ले. त्यांची घट सरासरी ०.९४ किलो, नेहमीसारखे तीन वेळा खाणाऱ्यांची ०.६८ किलो, म्हणजे दोन्हींत फारसा फरक नाही. चिंतेची बाब अशी की ज्यांची प्रयोगशाळेत सखोल तपासणी झाली, त्या उपवासाच्या गटातील लोकांनी गमावलेल्या वजनात चरबीपेक्षा स्नायू आणि तत्सम ऊतींचाच वाटा मोठा होता.

तरीही तीन आठवडे १६:८ करून पाहणार आहे, कारण स्वतःच्या शरीरावरची नोंद हाताशी असलेली बरी. वेळ दुपारी बारा ते रात्री आठ.

२९ मार्च

तीन आठवड्यांच्या नोंदींतून दोन गोष्टी ठळक दिसतात. प्रथिनांची रोजची सरासरी ८० वरून ५५ च्या आसपास घसरली. ठरवून खायचे असतानाही सकाळचे जेवण गेले की त्याचा वाटा दुसरीकडे भरून निघत नाही. दुसरे म्हणजे व्यायामाच्या सकाळी वजने उचलताना हात लवकर थकू लागले. वजन मात्र अर्धा किलोने उतरले आहे. काटा खूश आणि बाकी सर्व नाराज, अशी ही स्थिती आहे.

निर्णय : पुन्हा सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. उपाशी तास किती असावेत हे यापुढे वरून ठरवायचे नाही. आधी तीन जेवणे, प्रथिने, दुपारची कॅल्शियमची गोळी आणि व्यायामानंतरचे खाणे तक्त्यात बसवायचे. त्यांच्यानंतर जे तास उरतील तेवढे उपाशी तास. माझ्याकडे ते चौदा उरतात. एखादीकडे तेरा उरतील, तिने तेरा धरावेत.

१२ एप्रिल

ताकदीचे माप म्हणून तीस सेकंदांची खुर्ची चाचणी ठेवली आहे. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, दोन्ही हात छातीवर एकमेकांवर घ्यायचे आणि तीस सेकंदांत पूर्ण उभे राहून पुन्हा बसणे किती वेळा होते ते मोजायचे. जानेवारीत १३ वेळा झाले होते, आज १५. मार्चअखेर हा आकडा पुन्हा १३ वर आला होता, हे इथे नमूद करण्यासारखे आहे.

व्यायाम आठवड्यातून दोनदा, वजने वापरून : बसून उठणे, जमिनीवरून वजन उचलणे, ओढणे, ढकलणे. शेवटच्या दोन-तीन आवर्तनांत खरोखर कष्ट पडतील एवढे वजन घ्यायचे. बाकीचे दिवस चालणे. चालणे हृदयासाठी उत्तम, पण वजन घटत असताना स्नायूंना थोपवून धरण्याचे काम एकट्या चालण्याने होत नाही. हाडांनाही भार हवा असतो. शेवटच्या पाळीच्या आसपासच्या वर्षांत मणक्याच्या हाडांची घनता दरवर्षी सुमारे दोन टक्क्यांनी कमी होते आणि वजन घटवण्याने त्यात भरच पडू शकते. केवळ उपवास करून बारीक होण्याच्या कल्पनेवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

२६ एप्रिल

सोळाव्या तासाला पेशींची साफसफाई सुरू होते, असा एक संदेश पुन्हा आला. पेशींच्या या साफसफाईची, म्हणजे ऑटोफॅजीची, प्रक्रिया खरी आहे. तिच्या यंत्रणेचा शोध लावल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ते काम यीस्टच्या पेशींवरचे होते. त्यावरून माणसाच्या उपवासाचे तासवार वेळापत्रक बनवणे हा उत्साही लोकांचा उद्योग आहे. प्रकल्पात या मुद्द्याला स्थान नाही.

१० मे

वजन ६९.८ वर येऊन थांबले आहे. खाण्याचे तास तेच, व्यायाम तोच. असे थांबणे अपेक्षितच होते : हलक्या झालेल्या शरीराला कमी ऊर्जा पुरते, चालतानाही ते कमी वजन वाहून नेते, आणि घटीच्या काळात शरीर खर्चही थोडा आवरता घेते. एक किलो चरबी म्हणजे ७,७०० किलोकॅलरी हे गणित पहिल्या काही आठवड्यांपुरते ठीक, पण त्यावरून सहा महिन्यांची सरळ रेषा आखली तर ती चुकते.

अशा वेळी उपाशी तास वाढवण्याचा मोह होतो. त्याऐवजी पुन्हा आठवडाभर सर्व खाणे लिहून काढले. दहा तासांच्या आत तेलाचे प्रमाण हळूहळू वाढले होते आणि संध्याकाळच्या जेवणाचे ताट, रात्री काही मिळणार नाही या धास्तीने, मोठे झाले होते. तेल चमच्याने मोजून घेणे सुरू केले. एका मोठ्या चमच्यात सुमारे १२० किलोकॅलरी असतात. उपवासाच्या चर्चेत तेलाचे नाव क्वचित निघते.

३१ मे

झोपेविषयी. रजोनिवृत्तीनंतर अंगातून गरम वाफा येण्याचे कारण मेंदूतील तापमान-नियंत्रणाशी निगडित आहे. इस्ट्रोजेन कमी झाले की शरीराला सोसवणारा तापमानाचा पट्टा अरुंद होतो आणि किंचित उष्णतेनेही घाम सुटतो. वहीत पाहता मार्चमधल्या, रात्री आठला जेवण असलेल्या आठवड्यांत रात्री जाग येण्याच्या नोंदी जास्त आहेत, सहाच्या जेवणाच्या आठवड्यांत कमी. मात्र त्या काळात हवाही बदलत होती, तेव्हा यावरून कार्यकारण ठरवता येणार नाही. एवढे नक्की की झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते आणि संध्याकाळी सहानंतरचा संयम सैल पडतो. अशा दिवशी सातला एक कप दूध घेण्याची मुभा स्वतःला दिली आहे.

घरातील समारंभाच्या दिवशी तास पाळले नाहीत. त्याची भरपाईही दुसऱ्या दिवशी केली नाही.

२८ जून

अखेरची मोजमापे. वजनाची साप्ताहिक सरासरी ६८.६ किलो, म्हणजे चार किलोंची, सुमारे साडेपाच टक्क्यांची घट. कंबर ९० सेंमी. खुर्ची चाचणी १६. शरीररचनेच्या डेक्सा तपासणीत जानेवारीच्या तुलनेत चरबी ३.४ किलोने आणि स्नायूंचे वस्तुमान ०.६ किलोने कमी झालेले दिसते. वजन घटवताना एकूण घटीच्या साधारण चौथा हिस्सा स्नायूंच्या बाजूने जातो असा अनुभव असल्याने हे प्रमाण समाधानकारक वाटते. एचबीएवनसी ५.७ टक्के आहे. ५.९ वरून ५.७ हा फरक प्रयोगशाळेच्या मोजमापातील चढउतारातही बसू शकतो, त्यामुळे त्याला यशात धरलेले नाही.

डॉक्टरांनी अहवाल पाहिले आणि औषधांत बदल सुचवला नाही. वजन कमी झाल्यावर थायरॉईडच्या गोळीची मात्रा कधी कधी बदलावी लागते, म्हणून टीएसएचची (थायरॉईडचे काम दाखवणारी रक्ताची) तपासणी येत्या महिन्यात करायची आहे.

पुढील सहा महिने आठ ते सहा हीच वेळ चालू ठेवायची, पण वजन आणखी घटवण्याचा प्रयत्न करायचा नाही; मिळवलेले टिकते का, हे पाहायचे. वजन दर आठवड्याला एकदाच, कंबर महिन्यातून एकदा, खुर्ची चाचणी दोन महिन्यांनी. हाडांच्या घनतेत वाचता येण्याजोगा बदल दिसायला वेळ लागतो, त्यामुळे खुब्याची पुढची डेक्सा तपासणी पहिल्या तपासणीपासून दोन वर्षांनी करायची. व्यायामात जमिनीवरून उचलण्याचे वजन जुलैपासून दोन किलोने वाढवायचे आहे.